कानाच्या नसेचं उत्तर

कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया संपत आली, की शस्त्रक्रियागृहात एक लॅपटॉप पुढे सरकतो. इलेक्ट्रोडची बारीक तार आतल्या कानाच्या पेचदार नळीत बसलेली असते, टाके घालायचे बाकी असतात. निर्जंतुक आवरणात गुंडाळलेली कॉइल सर्जन कानामागच्या त्वचेवर धरतात आणि ऑडिओलॉजिस्ट लॅपटॉपवरून चाचणी सुरू करतात. टेबलावरचं बाळ वर्षा-दीड वर्षाचं, भुलीत गाढ झोपलेलं. तरीही पडद्यावर एक छोटी रेघ उमटते. ती आधी खाली उतरते, मग वर चढते, आणि हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत उरकतं. विजेच्या एका स्पंदाला त्या बाळाच्या श्रवणचेतेनं, म्हणजे कानाच्या नसेनं, दिलेलं ते उत्तर असतं.

या मोजमापाचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे: इलेक्ट्रिकली इव्होक्ड कंपाउंड ॲक्शन पोटेन्शियल. त्याचं आद्याक्षरी रूप ‘ईकॅप’. आपल्याकडे पालकांच्या फाइलमध्ये मात्र बहुधा ‘एनआरटी’ लिहिलेलं दिसतं, कारण एका कंपनीनं या चाचणीला ‘न्यूरल रिस्पॉन्स टेलिमेट्री’ असं नाव दिलं. दुसरी कंपनी तिला ‘एनआरआय’ म्हणते, तिसरी ‘एआरटी’. नावं तीन असली तरी मोजायची गोष्ट एकच, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. या एका रेघेवरून पालक फार मोठे निष्कर्ष काढतात. कधी कधी डॉक्टरही काढतात.

आधी कानाकडे पाहू. आतल्या कानातली पेचदार नळी, म्हणजे कॉक्लिआ, सरळ उलगडली तर साधारण 35 मिलिमीटर भरेल. तिच्यात सुमारे साडेतीन हजार आंतररोमपेशी एका ओळीत असतात. ध्वनीची कंपनं टिपून त्यांचं चेतासंदेशात रूपांतर करणं हे त्यांचं काम. त्यांना जोडलेले श्रवणचेतेचे तंतू सुमारे तीस हजार. या नळीत स्वरांच्या जागा ठरलेल्या आहेत: तोंडाजवळ उंच पट्टीचे स्वर, आतल्या टोकाला खर्जाचे. ध्वनीची लाट या नळीतल्या पडद्यावरून कशी सरकते, हे उलगडून दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 साली नोबेल मिळालं.

जन्मतः तीव्र बहिरेपणा असलेल्या बहुतेक मुलांमध्ये बिघाड असतो तो रोमपेशींच्या पातळीवर. चेतेचे तंतू त्यामानानं शाबूत असतात, फक्त त्यांना काही सांगणारं कुणी उरलेलं नसतं. इम्प्लांट रोमपेशींना वळसा घालून थेट तंतूंना वीज देतं. बाहेरचा प्रोसेसर आवाजाचं विश्लेषण करतो, ती माहिती रेडिओलहरींनी त्वचेआड जाते आणि नळीत बसवलेले इलेक्ट्रोड आपापल्या जागी विजेचे स्पंद सोडतात. कंपनीनुसार हे इलेक्ट्रोड 12, 16 किंवा 22 असतात. साडेतीन हजार रोमपेशींचं काम एवढ्याशा बिंदूंनी करायचं आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी चेता कसं उत्तर देते हे जाणून घेण्याची निकड कळते.

श्रवणचेतेला वीज देण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न पॅरिसमध्ये 1957 साली आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी केला. मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी 1978 साली रॉड सॉन्डर्स या रुग्णाला अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. पण या सगळ्या काळात संवाद एकतर्फी होता. वीज आत जात होती. चेतेनं तिचं काय केलं, हे रुग्णानं तोंडानं सांगितलं तरच कळत होतं. मोठ्या माणसाला विचारता येतं, ‘आवाज आला का? किती मोठा वाटला?’ दहा महिन्यांच्या बाळाला कसं विचारणार?

ही कोंडी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात फुटली. कॅरोलिन ब्राउन, पॉल ॲबस आणि ब्रूस गँट्झ यांनी 1990 साली इम्प्लांट वापरणाऱ्या माणसांमधली श्रवणचेतेची थेट नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्णांकडे ‘इनेरेड’ नावाचं जुनं इम्प्लांट होतं. त्याच्या तारा कानामागे त्वचेतून एका प्लगमध्ये बाहेर आलेल्या असत. संसर्गाच्या दृष्टीनं ही रचना गैरसोयीची होती, पण संशोधकांना मात्र इलेक्ट्रोडपर्यंत थेट पोचता आलं. एका इलेक्ट्रोडमधून स्पंद सोडायचा आणि शेजारच्या, त्या क्षणी मोकळ्या असलेल्या इलेक्ट्रोडनं चेतेचं उत्तर टिपायचं, ही त्यांची युक्ती. जे इलेक्ट्रोड वीज देण्यासाठी बसवले, तेच चेतेच्या इतक्या जवळ आहेत की उत्तर टिपायला त्यांच्याहून चांगली जागा नाही. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सोय इम्प्लांटच्या चिपमध्येच आली: आत एक छोटा ॲम्प्लिफायर आणि टिपलेलं उत्तर रेडिओलहरींनी परत बाहेर पाठवणारी व्यवस्था. ते वाचण्याचं सॉफ्टवेअर घडवण्यात झुरिकच्या नॉर्बर्ट डिलियर आणि वाय कोंग लाय यांचा मोठा वाटा होता. आता प्लग नको, डोक्यावर चिकटवायचे इलेक्ट्रोड नकोत, बाळाला झोपवायचीही गरज नाही. बाळ आईच्या मांडीवर खेळत असलं तरी नोंद होते.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात या मोजमापाचा सगळा कस एका अडचणीवर लागतो, आणि मला या विषयातला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो. चेतेचं उत्तर साधारण दहा-वीस ते काही शेकडा मायक्रोव्होल्टचं. ते येतं स्पंदानंतर अवघ्या 0.2 ते 0.4 मिलिसेकंदांत, कारण ध्वनीच्या मार्गात लागणारे टप्पे इथं नाहीत. वीज थेट तंतूला चेतवते. पण जिथं हे उत्तर टिपायचं, तिथंच नुकताच विजेचा स्पंद सोडलेला असतो आणि त्याचा अवशेष उत्तरापेक्षा कित्येक शेकडो पटींनी मोठा असतो. सुतळी बॉम्ब फुटत असताना त्याच्या शेजारच्या रातकिड्याचा आवाज टिपावा, तसं हे काम. नुसता ॲम्प्लिफायर मोठा करून भागत नाही, कारण दोन्ही आवाज सारखेच मोठे होतात.

मग उत्तर वेगळं कसं काढायचं? चेतातंतूच्या एका अंगभूत मर्यादेचा इथं उपयोग होतो. एकदा संदेश पाठवला की तंतूला क्षणभर विश्रांती लागते, आणि त्या काळात कितीही जोराचा स्पंद दिला तरी तो उत्तर देत नाही. ही विश्रांती मिलिसेकंदाच्या काही दशांशांची. आता तीन नोंदी करायच्या. पहिल्या नोंदीत एकच स्पंद. त्यात विजेचा अवशेष आणि चेतेचं उत्तर दोन्ही मिसळलेले असतात. दुसऱ्या नोंदीत त्या स्पंदाच्या जेमतेम अर्धा मिलिसेकंद आधी आणखी एक जोरकस स्पंद सोडायचा. चेता त्याला उत्तर देऊन विश्रांतीत जाते. मग आपला मूळ स्पंद येतो तेव्हा विजेचा अवशेष पूर्वीसारखाच उमटतो, पण उत्तर मिळत नाही. तिसऱ्या नोंदीत फक्त तो आधीचा जोरकस स्पंद. दुसऱ्या नोंदीतून तिसरी वजा केली की मूळ स्पंदाचा निव्वळ अवशेष हाती येतो, आणि तो पहिल्या नोंदीतून वजा केला की उरतं ते फक्त चेतेचं उत्तर. उपकरण चालू होताना होणारी स्वतःची खळखळ काढायला चौथी नोंदही घेतात. हे सगळं अनेकदा करून सरासरी काढली की ती रेघ स्वच्छ दिसू लागते.

दुसरी एक पद्धत आहे ती स्पंदाची दिशा उलटसुलट करण्याची. वीज उलट दिशेनं वाहिली की तिचा अवशेषही उलटतो, चेतेचं उत्तर मात्र त्याच बाजूला राहतं. दोन्ही नोंदींची बेरीज केली की अवशेष एकमेकांना खोडतात. ही पद्धत झटपट आहे, पण चेता दोन्ही दिशांच्या विजेला अगदी सारखंच उत्तर देत नाही, त्यामुळे बेरजेत उत्तराचा आकार किंचित पुसट होतो. विश्रांतीचा उपयोग करणारी पद्धत मला म्हणूनच अधिक विश्वासाची वाटते. तिथं चेतेच्या स्वभावावर भिस्त आहे आणि तो स्वभाव चांगला तपासलेला आहे.

रेघ मिळाली, आता ती वाचायची कशी? स्पंदाची ताकद पायरीपायरीनं वाढवत नेली की एका टप्प्यावर उत्तर दिसू लागतं. तो उंबरठा. पुढे ताकद वाढवत गेलं की उत्तर मोठं होत जातं, आणि त्याचा आलेख काढला की चढण दिसते. चढण तीव्र असेल तर थोडी वीज वाढवताच बरेच तंतू सामील होतात, म्हणजे जवळपास उत्तर देणारे तंतू भरपूर असावेत. चढण सपाट असेल तर शंका घ्यायला जागा आहे. श्रवणचेता जन्मतः फार बारीक असलेल्या मुलांमध्ये उंबरठा वर आणि चढण सपाट आढळते. ओहायो स्टेट विद्यापीठात शुमन ही यांच्या गटानं अशा मुलांचा बारकाईनं अभ्यास केला आहे, आणि इम्प्लांट त्यांना कितपत उपयोगी पडेल या अवघड प्रश्नात या नोंदींची मदत होते.

याहून सूक्ष्म एक मोजमाप आहे. इम्प्लांटचा प्रत्येक स्पंद दोन भागांचा असतो, आधी एका दिशेनं वीज आणि लगेच उलट दिशेनं तितकीच, म्हणजे ऊतकात विद्युतभार साचत नाही. या दोन भागांमधलं अंतर काही मायक्रोसेकंदांनी वाढवलं की निरोगी चेतेचं उत्तर ठळकपणे बदलतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की हा बदल किती होतो, यावरून किती चेतापेशी जिवंत आहेत याचा अंदाज बांधता येतो. हे मोजमाप मला महत्त्वाचं वाटतं. नुसत्या उंबरठ्यावर इलेक्ट्रोड चेतेपासून किती दूर बसला आहे याचाही परिणाम होतो. इथं एकाच इलेक्ट्रोडची त्याच्याशीच तुलना होत असल्यानं त्या अंतराचा गोंधळ बराच कमी होतो. माणसांमध्ये याचा अर्थ पक्का करायचं काम अजून चालू आहे.

इलेक्ट्रोडची वीज किती पसरते, हेही या तंत्रानं दिसतं. आधीचा जोरकस स्पंद वेगवेगळ्या इलेक्ट्रोडवर सरकवत नेला आणि मूळ स्पंदाचं उत्तर किती दबतं ते पाहिलं, की दोन इलेक्ट्रोड एकाच तंतूंना किती चेतवतात ते कळतं. हे का महत्त्वाचं? ‘सरण’ आणि ‘शरण’ यांच्यातला फरक पहिल्या व्यंजनाच्या उंच पट्टीतल्या घर्षणात आहे, ‘स’चं जास्त उंच, ‘श’चं थोडं खाली. नळीच्या तोंडाजवळचे दोन-चार इलेक्ट्रोड एकमेकांच्या क्षेत्रात पसरत असतील, तर हा फरक मेंदूपर्यंत पुसट पोचण्याचा धोका आहे. तरी पसरण्याचं माप आणि माणसाला प्रत्यक्ष कळणारं बोलणं यांचा संबंध सगळ्या अभ्यासांत सारखा सापडलेला नाही, हे इथंच सांगायला हवं.

आता रोजच्या वापरातला, पालकांच्या काळजीचा भाग. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी प्रोसेसर पहिल्यांदा चालू करतात आणि मग ‘मॅपिंग’, म्हणजे विजेच्या पातळ्यांचा नकाशा ठरवणं, होतं. प्रत्येक इलेक्ट्रोडवर दोन पातळ्या ठरवायच्या असतात: कमीत कमी किती विजेला आवाज जाणवतो आणि जास्तीत जास्त किती वीज सुखावह वाटते. नैसर्गिक कान हळू कुजबुजीपासून कानठळ्यांपर्यंत 100 डेसिबलहून मोठा पल्ला सांभाळतो. विजेनं ऐकताना हा पल्ला 10 ते 20 डेसिबलवर येतो. म्हणजे चुकायला जागा फार थोडी. वीज कमी ठेवली तर मूल हळू बोलणं गमावतं, जास्त दिली तर दचकतं, रडतं, कॉइल काढून फेकतं आणि मशीन नको म्हणायला शिकतं.

अशा वेळी ऑडिओलॉजिस्ट ईकॅपच्या उंबरठ्याचा आधार घेतात आणि आई विचारते, ‘मॅडम, एनआरटी आली ना? म्हणजे आता ऐकू येणार ना?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं आहे: ‘ताई, नस उत्तर देतेय, ही चांगली गोष्ट आहे. बाळ काय ऐकतंय ते आपल्याला अजून शोधायचंय.’

असं का, ते पाहा. ईकॅपचा उंबरठा बहुतेकदा मॅपिंगच्या त्या दोन पातळ्यांच्या मध्ये कुठंतरी पडतो. पण नेमका कुठं, ते प्रत्येक मुलात वेगळं. एकात खालच्या पातळीला टेकलेला, दुसऱ्यात वरच्या पातळीच्या जवळ, क्वचित तिच्याही वर. एकाच मुलाच्या वेगवेगळ्या इलेक्ट्रोडवरही हे बदलतं. कारण चाचणी आणि ऐकणं यांची चाल निराळी आहे. चाचणीत सेकंदाला साधारण 80 स्पंद सुटतात आणि एकेका स्पंदाचं उत्तर मोजलं जातं. प्रोसेसर मात्र प्रत्येक इलेक्ट्रोडवर सेकंदाला 900 किंवा त्याहून जास्त स्पंद सोडतो आणि मेंदू ते काळाच्या ओघात एकत्र करून आवाज जाणवून घेतो. चेतेच्या एका उत्तरात मेंदूचा हा वाटा दिसूच शकत नाही. शिवाय काही मुलांमध्ये ईकॅप मुळीच मिळत नाही, तरी ती पुढे इम्प्लांटनं ऐकतात. उलट बाजूला, रेघ उत्तम असूनही मेंदूला आवाजाची ओळख व्हायला उशीर झाला असेल तर बोलणं समजायला कष्ट पडतात. चेता ही वाटेतली पहिली चौकी. तिथं काय झालं एवढंच ईकॅप सांगतं.

म्हणून माझं मत असं, की ईकॅपनं मॅपिंगची सुरुवात करावी, शेवट करू नये. कोणत्या इलेक्ट्रोडला जास्त वीज लागेल आणि कोणत्याला कमी, हा सगळ्या इलेक्ट्रोडचा मिळून होणारा आकार ईकॅपवरून चांगला कळतो. त्या आकाराला वर-खाली सरकवून नेमक्या जागी बसवायचं काम बाळाच्या वागण्यावरून करायचं: आवाज येताच खेळ थांबला का, डोळे वळले का, जरा मोठं झाल्यावर आवाज ऐकून डब्यात ठोकळा टाकतं का. वरच्या पातळीसाठी आणखी एक चांगला पुरावा मिळतो. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आपोआप आकसतो. विजेच्या कोणत्या ताकदीला तो आकसतो हे मोजलं, तर ते सुखावह पातळीच्या बरंच जवळ जातं. नुसत्या ईकॅपच्या आकड्यांवर नकाशा बनवून मुलाला घरी पाठवणं मला अपुरं वाटतं, मग गर्दी कितीही असो.

शस्त्रक्रियागृहातली नोंद आणि नंतरची नोंद यांतही फरक पडतो. तार बसवल्याबरोबर घेतलेले उंबरठे पुष्कळदा वर असतात आणि पुढच्या आठवड्यांत, महिन्यांत खाली येतात, म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा जन्मभराचा समजू नये. पण तो जपून ठेवावा, कारण पुढे तुलना करायला तोच उपयोगी पडतो. दोन-तीन वर्षं छान चाललेलं मूल अचानक कमी प्रतिसाद देऊ लागलं, तर बिघाड प्रोसेसरमध्ये, कॉइलमध्ये, एखाद्या इलेक्ट्रोडमध्ये की आणखी कुठं, हे शोधताना इलेक्ट्रोडच्या विद्युतरोधाचे जुने आकडे आणि जुने ईकॅप शेजारी ठेवले की तपास सोपा होतो. जुनी नोंदच नसेल तर ऑडिओलॉजिस्टला अंधारात चाचपडावं लागतं.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांना हा विषय परका राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरीब कुटुंबांतल्या मुलांना इम्प्लांट मिळतं, आणि त्या कामाची मुख्य संस्था मुंबईत वांद्र्याला आहे: अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था, स्थापना 1983. शस्त्रक्रिया एका दिवसात होते. मॅपिंग आणि श्रवणप्रशिक्षण वर्षानुवर्षं चालतं, आणि जिल्ह्याच्या गावाहून त्यासाठी येणाऱ्या कुटुंबाचा मजुरीचा दिवस प्रत्येक फेरीला बुडतो. अशा कुटुंबाची एकही फेरी वाया जाऊ नये, यासाठी तरी मोजमापाच्या नोंदी नीट ठेवल्या पाहिजेत.

पालकांना माझी विनंती अशी. शस्त्रक्रियेच्या वेळच्या एनआरटीच्या अहवालाची प्रत मागून घ्या. तो तुमच्या मुलाचा कागद आहे. प्रत्येक मॅपिंगनंतर इलेक्ट्रोडची नवी माहिती आणि नव्या नकाशाचे आकडे त्याच फाइलमध्ये लावा. ईकॅप मिळाला नाही असं सांगितलं तर घाबरून जाऊ नका, आणि मिळाला असं सांगितलं तर निर्धास्तही राहू नका. रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर मुलाच्या मागे उभं राहून, तोंड दिसणार नाही अशा बेतानं, आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज काढा. डॅनिएल लिंग यांनी सुचवलेली ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि खर्जापासून उंच पट्टीपर्यंतचं ऐकणं तिच्यात येतं. कोणत्या आवाजाला मुलानं मान वळवली आणि कोणता निसटला, ते वहीत तारखेसह लिहा. लागोपाठ काही दिवस तोच आवाज निसटत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्राला फोन करा, आणि मॅपिंगला जाताना ती वही ऑडिओलॉजिस्टसमोर ठेवा.